पायलट पुन्हा विझला?

मे महिना उजाडला की मला फोन येऊ लागतात. पुण्याहून किंवा नाशिकहून आई-बाबा अमेरिकेत आलेले असतात, त्यांना यलोस्टोन दाखवायचं असतं. कुणाकडून तरी स्वस्तात घेतलेला, नाहीतर भाड्याने आणलेला जुना कॅम्पर ट्रेलर गाडीला जोडून मंडळी निघतात. वायोमिंगच्या माळावर संध्याकाळ होते आणि फोन वाजतो. "अहो, पाण्याच्या हीटरचा पायलट टिकतच नाही. लावला की पाच मिनिटांत विझतो. वारा तुफान आहे. काय करू?" मागून कुणीतरी म्हणत असतं, "राहू दे रे, मी गार पाण्यानेच उरकते."

गार पाण्याने उरकायची वेळ सहसा येत नाही. पण पायलट, म्हणजे बर्नर पेटवणारी कायम जळती छोटी ज्योत, टिकवण्यासाठी लोक जे उद्योग करतात, त्यातले काही धोक्याचे असतात. म्हणून फोनवर तुकड्यातुकड्याने सांगतो ते इथे सलग लिहीत आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगतो. वाऱ्यावर आळ घेण्यापूर्वी ज्योत नीट आहे का ते बघा, कारण धडधाकट पायलट साधारण वाऱ्याला दाद देत नाही. आणि वारा खरोखरच सोसाट्याचा असेल, तर पायलट रात्रभर तेवत ठेवायचा हट्ट सोडा. गरज गरम पाण्याची आहे, ज्योतीची नाही.

आधी हीटर ओळखा

ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीवर फूट-सव्वा फुटाचं, फटी असलेलं एक चौकोनी पत्र्याचं दार असतं. ते उघडा. आत गॅसच्या व्हॉल्व्हवर फिरवायचा नॉब असेल आणि त्यावर 'ऑफ', 'पायलट', 'ऑन' अशा खुणा असतील, तर तुमचा हीटर पायलटचा आहे आणि हा लेख तुमच्यासाठी आहे. नॉब नसेल, आणि ट्रेलरच्या आत हीटरचं बटण व लाल दिवा असेल, तर तो ठिणगीने आपोआप पेटणारा आहे. त्यात कायम जळणारी ज्योत नसते. तो वाऱ्याने विझला तर स्वतःच पुन्हा पेटायचा प्रयत्न करतो. काही प्रयत्न फसले की बंद पडतो आणि लाल दिवा लागतो. बटण बंद करून, थोडं थांबून पुन्हा चालू केलं की तो परत प्रयत्न करतो.

जुन्या ट्रेलरांत बहुधा सबर्बन किंवा अ‍ॅटवुड यांपैकी एक नाव दिसेल. अ‍ॅटवुड २०१४ साली डोमेटिकने घेतली, त्यामुळे माहितीपुस्तिका शोधताना दोन्ही नावांनी शोधा. दारामागे चिकटवलेल्या पट्टीवर मॉडेल क्रमांक असतो. त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे तीनदा तरी लागेल. टाकी बहुतेकदा ६ गॅलनची, म्हणजे साधारण २३ लिटरची असते.

वारा नेमकं काय करतो

आपला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. हा हीटर म्हणजे त्या बंबाचा आडवा पडलेला भाऊ. टाकीतून इंग्रजी यू अक्षरासारखी वळलेली नळी जाते. तिच्या खालच्या तोंडाशी बर्नर असतो आणि जळालेला वायू वरच्या तोंडातून बाहेर पडतो. पण बंबाचा धूर वर आभाळाकडे जायचा. इथे दोन्ही तोंडं ट्रेलरच्या एकाच भिंतीत, एकाच दारामागे आहेत. वारा त्या भिंतीवर सरळ आपटला की वरच्या तोंडातून आत घुसतो, जळालेला वायू उलटा फिरतो आणि बिचारा पायलट गुदमरतो.

दुसरा प्रकार जास्त फसवा. ज्योत विझत नाही, नुसती एका अंगाला झुकते. पायलटच्या शेजारी बोटाएवढी धातूची कांडी असते, ती थर्मोकपल. ज्योतीने तिचं टोक तापलं की तिच्यात २५ ते ३० मिलिव्होल्ट वीज तयार होते, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी. तेवढ्यावर गॅसच्या व्हॉल्व्हमधलं चुंबक व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतं. ज्योत टोकावरून हलली की कांडी निवते, चुंबक सुटतं आणि गॅस बंद होतो. म्हणजे पायलटला वाऱ्याने विझवलं नाही, सुरक्षेच्या यंत्रणेने बंद केलं. ती यंत्रणा तुमच्या बाजूची आहे. तिला चकवायच्या फंदात पडू नका.

कसा विझतो ते बघा

डोक्यावर हुड ओढून वाऱ्यात दहा मिनिटं उभं राहणं कुणालाच आवडत नाही, पण पुढचं सगळं या दहा मिनिटांवर अवलंबून आहे.

- नॉबवरचा अंगठा काढताच विझतो: तुम्ही पुरेसा वेळ दाबून धरला नाही, किंवा थर्मोकपल थकलं आहे, किंवा त्याची व्हॉल्व्हपाशी जोडणी सैल आहे. वाऱ्याचा संबंध नाही.
- पायलट छान जळतो, पण नॉब 'ऑन'वर नेऊन मोठा बर्नर पेटला की विझतो: बर्नरच्या नळीत जाळं किंवा गंज अडकला आहे, नळी जागेवरून सरकली आहे, किंवा गॅसचा दाब कमी पडतो आहे.
- शेगडी किंवा खोली तापवायची भट्टी चालू केली की विझतो: रेग्युलेटर किंवा सिलिंडर बघा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?
- वारा पडल्यावरही तासा-दोन तासांनी विझतो: मळलेला पायलट किंवा दुबळं थर्मोकपल.
- फक्त झोत आला की, आणि वारा एकाच दिशेचा असताना विझतो: आता वाऱ्याला दोष द्या.

माझ्या अनुभवात फोन करणारे सगळे शेवटच्या ओळीतले असल्याचं सांगतात आणि निघतात वरच्या चारांतले. दोन-तीन वर्षं हात न लागलेल्या पायलटची ज्योत आधीच मिणमिणती असते. शांत हवेत ती कशीबशी कांडीपर्यंत पोचते, झुळूक आली की पोचत नाही. दोष मळाचा आणि नाव वाऱ्याचं.

ज्योत धडधाकट करा

चांगली पायलट ज्योत निळी असते, ठाम असते आणि थर्मोकपलचं वरचं अर्धा इंच टोक वेढून टाकते. पिवळी, आळसावलेली किंवा टोकाला जेमतेम शिवणारी ज्योत वाऱ्यात टिकणार नाही.

सिलिंडर बंद करा, हीटर पूर्ण निवू द्या, मग साफसफाईला लागा. गॅसला मिसळलेल्या वासाच्या द्रव्याकडे कोळी ओढले जातात असं इथले मेकॅनिक सांगतात. कारण काही असो, वसंतात पहिल्यांदा दार उघडलं की आत जाळं सापडतंच, कधी गांधीलमाशीचं मातीचं घरही. बर्नरच्या नळीतून बारीक, लवचीक ब्रश फिरवा. यू नळीतली काजळी आणि गंजाचे पापुद्रे काढा. पायलटचं तोंड दाबाच्या हवेने फुंकून घ्या. तुमचे हात अशा कामाला सरावलेले असतील तर त्याची बारीक जेट काढून अल्कोहोलमध्ये भिजवा आणि वाळू द्या. मात्र तिच्या भोकात सुई, तार, पिन काहीही घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी ज्योतीचं गणित बिघडतं आणि ती जेट फेकून द्यावी लागते.

थर्मोकपलचं टोक बारीक पॉलिश पेपरने पुसा. व्हॉल्व्हकडची जोडणी बोटाने घट्ट करा आणि पान्याने फक्त पाव फेरा द्या. जास्त पिळलं तर तांब्याची बारीक नळी दुखावते. एवढं करूनही अंगठा काढताच ज्योत जात असेल, तर थर्मोकपल बदला. भाग स्वस्त आहे, हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो. लांब प्रवासाला निघताना मी एक सुटं थर्मोकपल डब्यात ठेवतोच, हळद-तिखटाच्या पुड्यांशेजारी.

ज्योत लहान-मोठी करायचा स्क्रू काही व्हॉल्व्हवर असतो. तो कुठे आहे हे पुस्तिकेत बघूनच हात लावा. गॅसची कुठलीही जोडणी उघडली असेल तर परत जोडल्यावर साबणाच्या पाण्याने तपासा. बुडबुडा दिसला तर थांबा. गॅसचा दाब मोजणं आणि रेग्युलेटर लावणं तंत्रज्ञाकडे सोपवा. तिथे ११ इंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब धरलेला असतो आणि तो मोजायला मॅनोमीटर लागतो, अंदाज चालत नाही.

पेटवायची रीत

१. टाकीत पाणी असल्याची खात्री करा. आतला गरम पाण्याचा नळ उघडा. हवा फुसफुसणं थांबून सलग धार आली की टाकी भरली. हिवाळ्यासाठी हीटर बायपास केलेला असेल तर नळाला पाणी येतं आणि टाकी मात्र कोरडी असते, त्यामुळे बायपासचे व्हॉल्व्ह आधी बघा. कोरडी टाकी तापवली तर हीटर गेलाच म्हणून समजा. हीटर दोन आठवड्यांहून जास्त पडून असेल तर गरम पाण्याचा नळ काही मिनिटं तसाच सोडा आणि तोवर जवळ विस्तव नको. साठलेल्या पाण्यात हायड्रोजन वायू तयार झालेला असू शकतो.

२. सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. झटकन उघडला तर आतली सुरक्षा यंत्रणा गळती झाली असं समजून गॅस चिंचोळा करते आणि तासभर तुम्ही पायलट का दुबळा म्हणून डोकं खाजवत बसता. तसं झालं असेल तर बंद करा, थोडं थांबा, सावकाश उघडा.

३. आत जाऊन शेगडीचा एक बर्नर पेटवा. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा भरलेली असते. ती शेगडीतून निघून गेली आणि ज्योत स्थिर झाली की शेगडी बंद करून बाहेर या.

४. हीटरचा नॉब 'ऑफ' करून पाच मिनिटं थांबा. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो. वाकून जमिनीजवळ वास घ्या. वास असेल तर पेटवू नका.

५. नॉब 'पायलट'वर आणा, आत दाबा, लांब मानेच्या लायटरने पेटवा. आगपेटी वाऱ्यात निरुपयोगी. चेहरा दारासमोर नको, बाजूला ठेवा.

६. पेटल्यावर पूर्ण मिनिटभर दाबून धरा. लोक इथेच घाई करतात, विशेषतः थंडीत. कांडी तापायला वेळ लागतो.

७. सोडल्यावर टिकला तर आणखी एक मिनिट नुसतं बघत थांबा. मग 'ऑन'. विझला तर पुन्हा 'ऑफ', पुन्हा पाच मिनिटं. हा पाच मिनिटांचा नियम कंटाळवाणा आहे आणि तो मोडूनच भुवया जळतात.

उंचीचाही हिशेब ठेवा. यलोस्टोनमधला फिशिंग ब्रिजचा तळ साडेसात हजार फुटांहून उंचावर आहे. विरळ हवेत ज्योत मलूल होते, त्यामुळे डेन्व्हरमध्ये ठीक चाललेला पायलट तिथे कुरकुरतो. घरून निघण्यापूर्वीची साफसफाई तिथे कामी येते.

ट्रेलर उभा करताना

हीटर ठाकठीक आहे आणि तरी विझतो आहे, तर पहिला उपाय फुकटचा आहे: ट्रेलर फिरवा. आपला हीटर कोणत्या भिंतीवर आहे हे निघण्याआधीच बघून ठेवा, कारण सगळ्या ट्रेलरांत तो एकाच बाजूला नसतो. मग तळावर पोचल्यावर दोन मिनिटं गाडीबाहेर उभे राहा, वारा गालाला कुठून लागतो ते बघा, आणि त्यानंतरच ट्रेलर गाडीपासून सोडवा. एकदा चाकांना अडण्या लावून, पाण्याचा पाइप जोडून झाला की कुणी ट्रेलर हलवत नाही. मी तरी हलवलेला नाही.

ट्रेलरचं नाक वाऱ्याकडे ठेवा, आणि जरा तिरकं, म्हणजे हीटरची भिंत वाऱ्याच्या आडोशाला जाईल. रात्री ट्रेलर हलणंही कमी होतं, हा वरचा फायदा. मोकळ्या सरकारी जमिनीवर मुक्काम असेल तर तुम्ही हव्या त्या दिशेला तोंड करू शकता. आखीव जागांच्या तळावर तेवढी मुभा नसते. मग जागा निवडतानाच झाडांची रांग, टेकडीचा उतार, शौचालयाची इमारत यांच्या आडोशाची जागा मागा. आरक्षण करताना फोनवर "वाऱ्याची बाजू कोणती?" असं सरळ विचारा, तिथली माणसं बरोबर सांगतात.

आय-८० महामार्गावर लॅरमी ते रॉलिन्स या पट्ट्यात हलक्या आणि उंच वाहनांना रस्ता बंद असल्याची पाटी लागली असेल, तर हीटरची चिंता नंतर करा. त्या दिवशी ट्रेलर घेऊन पुढे जायचंच नाही.

आडोसा: काय चालतं, काय नाही

गाडी सोडवल्यावर ती वाऱ्याच्या बाजूला, हीटरपासून दोन-तीन मीटरवर उभी करा. हा सर्वात साधा आणि बिनधोक आडोसा. कापडी आडोसा करायचा तर जाळीदार कापड घ्या. भरीव फळी किंवा ताडपत्री वारा अडवते खरी, पण तिच्या मागे भोवरे उठतात आणि ते पायलटला थेट वाऱ्यापेक्षा जास्त छळतात. अर्धा वारा आरपार जाऊ देणारी जाळी उरलेल्याचा जोर मोडते. कापड दारापासून लांब, घट्ट ताणलेलं हवं. उडून धुराड्यावर बसेल असं नको.

आणि आता न करायच्या गोष्टी.

दाराच्या फटींवर टेप, पुठ्ठा, फॉइल, काहीही चिकटवू नका. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. एका वर्षी साउथ डकोटात वैतागून मी वरच्या फटींना अॅल्युमिनियमची फॉइल लावली होती. पायलट टिकला, मी खूश. अर्ध्या तासाने दाराचा रंग तपकिरी झाला होता आणि आतल्या नळीच्या तोंडाशी काजळी धरली होती. काजळी म्हणजे अपुरं ज्वलन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. या वायूला वास नसतो. वरच खिडकी होती आणि आत माझी मुलगी झोपली होती. सुदैवाने खिडकी बंद होती.

हीटर चालू असताना त्याच्या वरची आणि शेजारची खिडकी बंदच ठेवा. आतला कार्बन मोनॉक्साइडचा आणि जमिनीलगतचा गॅसचा अलार्म बटण दाबून तपासा आणि मागची तारीख बघा. त्यांचं आयुष्य काही वर्षांचं असतं, ते संपलं की दिवा लागत असला तरी भरवसा नाही.

मूळ दार काढून हीटर चालवू नका. ते फटींचं दार हाच कारखान्याने दिलेला वारारोधक आहे. त्याची कडी सैल असेल आणि दार खडखडत असेल, तर नवी कडी लावणं हा सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. किडे येऊ नयेत म्हणून बाजारात बारीक जाळ्या मिळतात. पुस्तिकेत परवानगी नसेल तर त्या लावू नका, काजळीने बुजतात. धुराड्यासाठी वारारोधक पत्रे मिळतात, त्यांनाही हाच नियम. दाराखालचं वाळलेलं गवत मात्र नक्की काढा.

दारामागचा दाबाचा सुरक्षा व्हॉल्व्ह ठिबकत असेल तर ते पाणी वाऱ्याने बर्नरकडे उडतं. म्हणून काही जण तो बुच मारून बंद करतात. असं कधीही करू नका, बंद टाकीतल्या वाफेला तीच एक वाट आहे. ठिबकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे टाकीच्या वरच्या भागातली हवेची पोकळी संपणं. हीटर बंद करून पाणी गार होऊ द्या, पंप आणि बाहेरचं पाणी बंद करा, आत गरम पाण्याचा एक नळ उघडा, मग त्या व्हॉल्व्हची दांडी उचलून पाणी थांबेपर्यंत वाहू द्या. पोकळी परत तयार होते. तरीही ठिबकला तर व्हॉल्व्ह बदला.

वारा ऐकतच नसेल तर

मग पायलटला विझू द्या, खरंच. हिशेब बघा. ६ गॅलन पाणी १० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला बर्नरच्या ताकदीप्रमाणे अर्धा ते पाऊण तास लागतो. अ‍ॅटवुडच्या ८,८०० बीटीयूच्या बर्नरला पाऊण तास, सबर्बनच्या १२,०००च्या बर्नरला अर्धा. २० पौंडांच्या एका सिलिंडरमध्ये टाकी साधारण ७० वेळा तापेल एवढा गॅस असतो. म्हणजे दिवसातून दोनदा नव्याने तापवलं तरी सिलिंडर आठवडेच्या आठवडे पुरतो. पायलट सतत ठेवून फार काही वाचत नाही.

- पहाटे वारा सहसा पडलेला असतो. सर्वात लवकर उठणाऱ्याने पायलट लावावा, चहा होईतो पाणी तापतं. आपल्याकडच्या ज्येष्ठांना हे काम फार आवडतं. पाच मिनिटांच्या नियमाची मात्र त्यांना बजावून आठवण द्या.
- तापलं की 'ऑफ'. टाकीला चांगलं आवरण असतं, त्यामुळे पाणी काही तास कामापुरतं गरम राहतं.
- टाकीभर पाण्यात गार मिसळलं की सुमारे दोन बादल्या अंघोळीचं पाणी होतं. शॉवर सोडून ठेवला तर एकाच माणसात संपतं, बादली-तांब्याने दोघांचं होतं. प्लॅस्टिकची बादली बरोबर घ्या. आई-बाबांनाही तेच बरं वाटतं.
- नळाचं पाणी चटका बसेल इतकं कडक असतं. आधी गार, मग गरम. लहान मुलांना नळाला हात लावू देऊ नका.

तळावर विजेची जोडणी असेल तर प्रश्न अर्धा सुटतो. काही हीटरांत विजेची कांडीही असते, नसेल तर काहींना बाहेरून बसवता येते. यलोस्टोनमध्ये अशी जोडणी फक्त फिशिंग ब्रिजला मिळते. अस्वलांमुळे तिथे कापडी भिंतींच्या ट्रेलरना प्रवेश नाही, हे आरक्षणापूर्वी लक्षात घ्या. आणि काहीच जमलं नाही तर शेगडीवर मोठं पातेलं ठेवा. खिडकी थोडी उघडी आणि छताचा पंखा चालू हवा. आपल्या आज्यांनी आयुष्यभर तेच केलं.

दरवर्षी वाऱ्याच्या प्रदेशात जाणार असाल तर हीटर बदलून ठिणगीचा बसवण्याचा विचार करा. त्याच मापाच्या चौकटीत बसणारी मॉडेलं मिळतात, भिंत कापावी लागत नाही. त्याला १२ व्होल्टची बॅटरी मात्र लागते. बॅटरी बसली की हीटर बसला. पायलटचा हीटर विजेविना चालतो, हा त्याचा एक मोठा गुण उतावळेपणात विसरू नका.

गाडी चालवताना

पायलट बंद, सिलिंडरही बंद. चालत्या ट्रेलरवर वाऱ्याचा झोत असतोच, तो विझणारच. पण खरं कारण पेट्रोलपंप आहे. पेटता पायलट घेऊन पंपावर शिरणं म्हणजे काय, ते सांगायला नको. न्यू जर्सीकडच्या मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावं: बाल्टिमोरच्या हार्बर आणि फोर्ट मॅकहेन्री या दोन बोगद्यांतून १० पौंडांहून मोठे प्रोपेनचे सिलिंडर न्यायला बंदी आहे, ते बंद असले तरी. ट्रेलर असेल तर शहराला वळसा घालणारा आय-६९५ चा पश्चिमेकडचा रस्ता घ्या.

भाड्याचा ट्रेलर, वॉरंटी आणि तुमचे हक्क

भाड्याने घेताना पहिलाच प्रश्न विचारा: "हीटर पायलटचा की ठिणगीचा?" ताबा घेण्याआधी मालकाला तो तुमच्यासमोर पेटवून दाखवायला सांगा आणि मोबाईलवर चित्रण करा. पाणी गरम येतंय हे हाताने बघा. संकोच करू नका. "हो हो, चालतो" एवढ्यावर आपली माणसं निघतात आणि मग माळावर अडकतात.

वाटेत बिघडला तर त्याच दिवशी लेखी कळवा, फोनवर बोलला असाल तरी मागोमाग संदेश पाठवा. भाड्याच्या ट्रेलरची गॅसची जोडणी स्वतः उघडू नका. साफसफाईसुद्धा मालकाच्या लेखी होकारानंतर करा, नाहीतर नुकसानीचा बोजा तुमच्यावर येतो. तळावर येऊन दुरुस्ती करणारे फिरते तंत्रज्ञ असतात. त्यांचं बिल कोण देणार, हे करारात आधी बघा. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील आणि कबूल केलेली सेवा मिळाली नसेल, तर बिल आल्यापासून ६० दिवसांत कार्ड कंपनीकडे लेखी हरकत घेता येते. तेव्हा ते संदेश आणि चित्रणच उपयोगी पडतं.

नव्या ट्रेलरच्या बाबतीत, "आमच्याच कंपनीचा भाग घेतला नाही तर वॉरंटी गेली" असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, भाग फुकट पुरवला जात नसेल तर विशिष्ट कंपनीच्याच भागाची सक्ती वॉरंटीसाठी करता येत नाही. तुम्ही लावलेल्या भागामुळेच बिघाड झाला हे त्यांना दाखवावं लागतं. दाराच्या फटी बदलणं, धुराड्यावर पत्रा ठोकणं हे मात्र वेगळं. तिथे वॉरंटी नाकारली गेली तर तक्रारीला फारसा आधार उरत नाही. सदोष नव्या वाहनांसाठीच्या 'लेमन लॉ'चं संरक्षण ओढून न्यायच्या ट्रेलरला मिळतं की नाही हे राज्यागणिक बदलतं, त्यामुळे आपल्या राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या कार्यालयात चौकशी करा.

जुना ट्रेलर घेतला असेल तर पैसे देण्याआधी त्याचा व्हीआयएन क्रमांक वाहन सुरक्षेच्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या यादीत तपासा. सुरक्षेच्या दोषासाठी परत बोलावलेल्या वाहनाची दुरुस्ती, ते पंधरा वर्षांच्या आतलं असेल तर, उत्पादकाने फुकट करायची असते, मालक कितवाही असो. हीटरसारख्या बसवलेल्या उपकरणांचीही वेगळी नोंद असते. म्हणून दारामागच्या पट्टीचा तो फोटो इथे पुन्हा लागतो.

ऑस्ट्रेलियातल्या वाचकांसाठी एवढंच, की वरची साफसफाई आणि ट्रेलर उभा करायच्या युक्त्या तिथेही चालतील, पण गॅसची जोडणी सोडवणं-जोडणं तिथे परवानाधारक गॅसफिटरखेरीज कुणालाही कायद्याने मना आहे. थर्मोकपल कितीही स्वस्त असलं तरी.